बोडिलच्या चीजचा उगम

आमच्या गावात चीज होतं, पण त्याला उगम नव्हता. ही बाब ग्रामसंघाच्या बैठकीत गंभीरपणे मांडण्यात आली. हावार्टी या डॅनिश चीजला एका शेतवाडीचं नाव मिळालं आणि ते जगभर गेलं. आमची बोडिल मात्र तळघरात तसंच मऊसर, बारीक भोकांचं चीज करते आणि लोक त्याला नुसतं ‘बोडिलकडचं’ म्हणतात. लाज वाटायला नको?

"अगं बोडिल, तुझं चीज मूळचं कुठलं?" अध्यक्ष टोर्किलनं कॉफी ओतत विचारलं.

"आई जर्मनीत कामाला होती, तिथून शिकून आली."

 डॅनिश उगम जर्मनीत निघणं नियमात बसत नव्हतं.

"हे गैरसोयीचं आहे," टोर्किल म्हणाला. "उगम मतदानानं ठरवू."

चर्चमागे पूर्वी मठ होता, तिथल्या साधूंनीच हे चीज काढलं, असं बहुमतानं सिद्ध झालं. आमच्याकडे एकानं विरोध केला की सगळ्यांची कॉफी कडू होते, म्हणून बोडिलनंही हात वर केला. बिचारी! नाव ठरलं, पाटी लागली, झेंडा चढला.

मग नियमावली आली. अस्सल चीज मठाच्या जागेवरच व्हावं. तिथं टोर्किलच्या जावयाचा कारखाना होता, हा निव्वळ योगायोग. बोडिलचं तळघर दोन शेतं पलीकडे, म्हणून तिचं चीज नक्कल ठरलं.

"अरे, माझंच चीज बघून नियम लिहिलेत ना?"

"म्हणून तर नक्कल इतकी हुबेहूब आहे! आता तळघर बंद करावं लागेल. मनाला लावून घेऊ नकोस, केक घे."

"चुलीत घाल तुझा केक! तळघर गेलं तर मी खाऊ काय?"

उगमाला मान्यता द्यायला राजधानीतून परीक्षक आले. कारखान्याचं चीज चावता चावेना. टोर्किल मागच्या दारानं बोडिलकडे धावला.

"एक चीज दे गं, गावाच्या अब्रूचा प्रश्न आहे!"

"नक्कल आहे ते."

"असू दे. अस्सलच्या कागदात गुंडाळू. तळघराचं मग बघतो."

परीक्षकांनी घास घेतला आणि डोळेच मिटले. "वा! याला म्हणतात मातीचा गुण!"

मान्यता मिळाली. टोर्किलनं तळघराचंही बघितलं. नकली चीज अस्सलच्या कागदात गुंडाळल्याबद्दल दुसऱ्याच दिवशी त्याला कुलूप लागलं. ठराव एकमतानं झाला.

त्या चीजचं नाव काय ठेवलं, हे विचारायचं केव्हापासून तुमच्या ओठांवर आहे, ठाऊक आहे मला. बोडिलचं पुढं काय झालं, ते विचारणार होतात का?