कप्तानचं काम

दगाजी आप्पांचा सगळा जन्म तापीकाठी गेला, पण पाणी त्यांनी घोट्याच्या वर कधी येऊ दिलं नाही. अंघोळ काठावर, तांब्याने, तीही नदीवर नजर ठेवून. "पानीना भरोसा नही, मास्तर," हे त्यांचं वाक्य मी बदलून इथल्या शाळेत आलो त्याच दिवशी ऐकलं. पुढे ते इतकं ऐकलं की पाण्यापेक्षा त्या वाक्याचाच मला धसका बसला.

असल्या माणसाच्या नशिबी कुत्रा आला तो पाण्यातला. आप्पा जंगल खात्यातल्या एका गोऱ्या साहेबाचे पट्टेवाले होते. साहेबाने न्यूफाउंडलंड जातीचा हा काळाभोर कुत्रा बोटीतून आणला, धडगावच्या घाटापर्यंत दौऱ्यावर मिरवला आणि पेन्शन घेऊन जाताना साखळी आप्पांच्या हाती देऊन तो मोकळा झाला. म्हशीच्या रेडकाएवढा जीव, नाव कप्तान. आप्पांना मागेपुढे कोणी नव्हतं. त्यांनी त्याला सरळ घरात घेतलं.

"कुत्रा नका म्हनू. त्यानं घराणं शे!" असं म्हणून आप्पा कुळकथा सुरू करत, मुलाचं स्थळ सांगावं तशी. याचे वाडवडील बर्फाळ समुद्रावरच्या कोळ्यांकडे चाकरीला होते. जाळी ओढायचे. जहाज फुटलं की तोंडात दोर धरून लाटांत उडी घ्यायचे आणि माणसं काठाला आणायचे. शेवटी पंजा उचलून बोटांमधलं बदकासारखं कातडं दाखवायचं. शाळा सुटून घरी निघालेल्या दमल्या माणसाला रोज हे कातडं पाहावं लागे.

घराणं मोठं, पण नदी पडली आमची. इथे बुडतंय कोण? कप्तानला मात्र पाण्यात माणूस दिसला की पुरे. मनगट अलगद तोंडात धरून तो त्याला काठावर आणून टाकायचा. बायका ओरडायच्या, म्हातारे शिव्या घालायचे. एका पर्वणीला तर त्याने पाटलांना ऐन मंत्रात बाहेर ओढलं. ते पुन्हा उतरले, याने पुन्हा काढलं. पाटील कडाडले, "अरे, आम्ही बुडी नही ऱ्हायनूत, आंग धुई ऱ्हायनूत!" गाव पोट धरून हसलं. पाटील हसले नाहीत. कुत्रा पुन्हा घाटावर दिसला तर गोळी घालीन, म्हणाले.

तेव्हापासून कप्तान दारात पडून राहिला. भाकरी तशीच, दूध तसंच. आप्पा त्याच्या अंगावर ओली पोती टाकत, पंख्याने वारा घालत. बरगड्या दिसायला लागल्या. म्हातारा झालाय, ऊन सोसत नाही, असं मी म्हणालो.

"त्याले भाकर नही, काम जोयजे," आप्पा म्हणाले.

काही दिवसांनी एका संध्याकाळी मी गावाच्या वरच्या अंगाला, डोहाकडे फिरायला गेलो. तिकडे कोणी अंघोळीला जात नसे. तिथून हाक आली, "बुडी ऱ्हायनू रे कप्तान! बुडी ऱ्हायनू!"

मी धावलो. आप्पा छातीभर पाण्यात उभे होते. डोळे घट्ट मिटलेले, दात वाजत होते. बुडायचं सोंग काही वठत नव्हतं, पण भीती अगदी खरी होती. काठावर पडलेला कप्तान कसाबसा उठला, पाण्यात शिरला आणि मनगट धरून त्यांना काठावर घेऊन आला. मग शेपूट हलवत त्याने आप्पांनी काठावर ठेवलेल्या फडक्यातली भाकरी खाल्ली. सगळी खाल्ली.

आप्पा ओलेचिंब, थरथरत बसले होते. मी म्हटलं, "आप्पा, पाण्याचा भरोसा नाही ना?"

"पानीना नही," ते म्हणाले. "त्याना शे." मग जरा लाजून, "रोज येनं पडस, मास्तर. जीव थकी जास. पन तो जेवस."

 मी त्यांचं धोतर पिळून दिलं.

दुसऱ्या दिवशी शाळा सुटली तेव्हा मी नेहमीसारखाच थकलेला होतो. घरी गेलो नाही. डोहावर जाऊन आप्पांना म्हटलं, "आज तुम्ही काठावर बसा." सदरा काढला आणि गळ्यापर्यंत पाण्यात उतरलो.

मला ओरडावंही लागलं नाही. कप्तानने माझ्या तोंडाकडे एकदा पाहिलं आणि तो पाण्यात शिरला.