चुलबंदवरची हाक

१८ नोव्हेंबर १९७९, रविवार, सकाळी सव्वासहा. चुलबंद नदीच्या काठावर डोमाजीने मला डोंग्यात बसवले आणि अट सांगितली, "वल्हवणं माहं, ओरडणं तुमचं."

डोमाजी साकोलीच्या आमच्या कचेरीतला कारकून. दिवाळीनंतर गावोगावच्या मंडया, म्हणजे जत्रा, भरू लागल्या की तो डोंगा घेऊन रानातून नदीने भटकायला निघे. गळ नाही, जाळे नाही. सोबतीला मात्र दरवर्षी नवा माणूस लागे, आणि तो मोठ्या आवाजाचाच लागे. कचेरीत माझ्या आवाजाला सारे भीत. त्या वर्षी माझी निवड झाली.

दोन्ही काठांना दाट रान होते. प्रत्येक वळणावर डोमाजी वल्हे थांबवी. "'सुदाम' मनून ओरडा जी. या नावाले घुम मस्त येते."

मी ओरडलो. एक बगळा उडाला.

"बस, येवढाच? कचेरीत तं कौलं हालवता! इथं आवाज कायले बसला?"

तो स्वतः मात्र कुजबुजत बोले. शिंक आली तरी तोंडावर दुपट्टा दाबी. हसण्यासारखे होते, हे मान्य करतो.

दुपारी वाळूवर भात शिजला. आम्ही दोघे; त्याने पत्रावळी तीन मांडल्या. तिसरी कोणाची, असे मी विचारले.

त्याने आधी तिसऱ्या पत्रावळीवर भात वाढला. "सुदाम माहा लहान भाऊ. मंडईत, दंडारीच्या खेळात, लुगडं नेसून बाईचं काम केलं त्यानं. मीनं साऱ्या गावासमोर त्याले खाली ओढलं, थापड मारली. लुगड्यातच निंगून गेला. मंग कोणी सांगे, नदीकाठच्या मंडयांत नाचून राहिला मने."

"मग तुम्हीच हाक का मारत नाही?"

"माहा आवाज आयकला का तो लपन जी. परक्याच्या हाकेले येईन कदाचित."

तिसरी पत्रावळ आम्ही वाळूवरच ठेवली.

पुढच्या वळणावर त्याने वल्हे थांबवले नाही. मीच उभा राहिलो आणि छाती फुटेस्तोवर ओरडलो. डोंगा कलला, पाणी आत आले. हाक पलीकडच्या रानातून परत आली. दुसरे काही आले नाही.

"घुम चांगला येते," डोमाजी हळूच म्हणाला.

दिवस मावळताना काठाला लागलो. मी डोंगा खुंटीला बांधला आणि डब्याने आतले पाणी उपसून टाकले.