लाक्पाची चाती

पहिल्याच भेटीत लाक्पा शेर्पाने माझ्या स्वेटरची बाही चिमटीत धरली आणि निकाल दिला, "दिदी, यात मेंढी नाही."

स्वोर्ड्स या आयरिश गावातल्या बसस्टॉपवर, सकाळी सव्वासहाला, अनोळखी माणसाने असं बोलावं! मी बसमध्ये बसल्यावर गुपचूप लेबल पाहिलं. शंभर टक्के ॲक्रिलिक.

तेव्हाही त्याच्या हातात लाकडी चाती गरगरत होती. अंगात विमानतळाचं पिवळं जाकीट, मनगटावर लोकरीचा पुंजका. तो तिथे बॅगा चढवतो-उतरवतो. उरलेला वेळ, म्हणजे स्टॉपवर, बसमध्ये, सुपरमार्केटच्या रांगेत, लोकर कातत असतो. ड्रायव्हर त्याला 'युवर मॅन विथ द स्ट्रिंग' म्हणतो आणि गिरकी संपेपर्यंत दार उघडं ठेवतो.

लोकर फुकटची. मेंढ्या शेताच्या तारांना अंग घासतात, तिथे अडकलेले झुपके हा रविवारी पिशवीत गोळा करतो. पण आयरिश मेंढीबद्दल त्याचं मत वाईट आहे. "आळशी आहे. ना चढ, ना बर्फ. लोकर घट्ट होणार कशी?"

आम्ही हिंदीत बोलतो. त्याची दार्जिलिंगची, माझी पुण्याची. दोघांनाही व्याकरणाची भीती नाही. त्याचे आजोबा याक घेऊन खिंडीपलीकडे तिबेटात जायचे, धान्य देऊन मीठ आणि लोकर आणायचे. "मी पण तेच करतो," लाक्पा म्हणतो. "फक्त याकच्या जागी बॅगांचा बेल्ट आहे."

पुढे तो शेजारच्याच घरात राहायला आला आणि माझी त्याच्या थर्मासशी ओळख झाली. आत मीठ-लोणी घातलेला चहा. "पहले पियो, दिदी." तीन कप. तिसरा संपला की काम सांगणार. त्यांच्याकडे रीतच आहे: ज्याच्याकडे काम असेल त्याला आधी पाजायचं, प्यायलेल्या माणसाला नाही म्हणता येत नाही. ही रीत मला कळेपर्यंत नऊ कप झाले होते. माझी शिडी, माझं ड्रिल आणि मागच्या बागेतली कपडे वाळत घालायची दोरी त्याच्या ताब्यात गेली होती.

फेब्रुवारीत तो दोन थर्मास घेऊन आला.

"आज काम मोठं दिसतंय," मी दारातच म्हटलं. "आधी सांग, मग पिते."

"पहले पियो."

सहा कप झाल्यावर त्याने खिशातून पत्र काढलं. बायकोचा, पेमाचा, इथे येण्याचा अर्ज नामंजूर झाला होता. पतीपत्नींचा संपर्क चालू असल्याचा पुरावा अपुरा.

"मेसेज दाखव की."

"तिला वाचता येत नाही. गावात रेंज नाही. शनिवारी टेकडी चढते, तेव्हा बोलतो."

"फोटो?"

"एक आहे. लग्नातला."

"मग चार वर्षं तुम्ही दोघं करताय तरी काय?"

तो मला त्याच्या घरी घेऊन गेला आणि स्वयंपाकघरातलं प्रेस उघडलं. कपाटाला इथे प्रेस म्हणतात. आत कपबशी नव्हती. हातभर रुंदसुद्धा नसलेल्या, रंगीत पट्ट्यापट्ट्यांच्या लोकरी कापडाच्या घड्या होत्या. इथे कातलेली लोकर तो गावी जाणाऱ्यांच्या बॅगेतून पाठवायचा. पेमा ती रंगवून विणायची आणि येणाऱ्यांबरोबर परत पाठवायची. असे तीन तुकडे जोडले की पांगदेन होतं. लग्न झालेली शेर्पा बाई ते कमरेला पुढून बांधते. इथल्या शेर्पा बायका लाक्पाकडून ते घेतात, बदल्यात लोणचं नाहीतर सुकं चीज देतात. मात्र प्रत्येक खेपेतला एक तुकडा त्याने स्वतःकडे ठेवला होता.

मी औषधांच्या कारखान्यात कागदपत्रं तपासते. कुठल्या गोळीत कुठल्या पिंपातली पावडर गेली, हे सिद्ध करण्यात माझी वीस वर्षं गेली आहेत. हे तर त्याहून सोपं होतं. प्रत्येक तुकड्याला नंबर, फोटो, लोकर कोणी नेली, कापड कोणी आणलं, त्यांची तिकिटं, त्यांच्या सह्या.

सतरावा तुकडा मात्र भयंकर निघाला. धागा कुठे सुतळीइतका जाड, कुठे केसासारखा.

"हा बाद," मी म्हटलं.

लाक्पाने तो माझ्या हातातून काढून घेतला. "मागच्या हिवाळ्यात मनगटावर सुटकेस पडली होती. कुणाला सांगितलं नाही. दुसऱ्या हाताने कातलं. पेमाने विणायला घेतलं, आणि त्याच शनिवारी टेकडीवरून विचारलं, 'हाताला काय झालंय?'"

मी त्या तुकड्याला पहिला नंबर दिला आणि फायलीत सगळ्यात वर लावला.

ती फाईल जोडून पुन्हा अर्ज केला आणि ऑगस्टमध्ये मंजुरी आली. लाक्पाने सगळ्यात लहान खोलीत माग बांधायला घेतला. मी पाहायला गेले, तर हा फळ्यांच्या मधे जमिनीवर पाय पसरून बसलेला. पेन्सिलने खूण करत होता आणि पुसत होता.

"पट्टा विणणारीच्या कमरेला आणि टाचा समोरच्या फळीला," तो म्हणाला. "माग तिच्या पायांच्या लांबीचा लागतो."

"मग अडलंय कुठे?"

तिची टाच कुठवर येईल म्हणून त्याने स्वतःच्या घोट्यावर हात ठेवला. जरा विचार करून दोन बोटं वर सरकवला.

"चार वर्षं झाली, दिदी. फोनवर विचारलं तर म्हणेल, विसरलास."

"मग फळी पक्की करूच नकोस. सरकती ठेव. ती येऊन बसली की तिच्या टाचेपाशी आणू."

त्याने समोरच्या फळीकडे पाहिलं, मान डोलावली, आणि पाना उचलून एकेक बोल्ट ढिला करायला घेतला.