शेजारी देशाचं पाणी तोडताना

दोन देशांतलं भांडण माझ्याइतकं झटपट कुणी मिटवू शकणार नाही, हे मी आजही छातीठोकपणे सांगते! एकोणीस वर्षं विमा कंपनीत भडकलेली माणसं गार करून घरी पाठवलीत मी. म्हणून तर सत्तेचाळिसाव्या वर्षी आंतरराष्ट्रीय सुरक्षा या विषयात एम.ए.ला नाव घातलं.

आमचे हे म्हणाले, "सुरक्षा? म्हणजे शिट्टी मिळणार का गं?"

घ्या! नवराच असा, तर इमारतीतल्या लोकांना काय बोलणार? मी दातओठ खाऊन अभ्यास केला.

शनिवारी सकाळी लॅपटॉपवर तोंडी परीक्षा होती. दोन देशांचा लुटुपुटीचा वाद. नदी आमच्या देशातून शेजारी देशात जाते, आणि त्यांनी आमचा डोंगर बळकावलाय. आमच्या बाजूनं मी एकटी. समोर मिसरूड फुटलेली तीन पोरं. गुण देणार प्राध्यापिकाबाई.

कानात हेडफोन असला की आपला आवाज किती चढलाय ते कळत नाही. मी गरजले, "बऱ्या बोलानं मागे व्हा! नाहीतर आजच पाणी तोडते! थेंबाथेंबाला महाग करीन!"

आमच्या खाली एक निवृत्त हेडमास्तर राहतात. आमच्या बाथरूमचं पाणी त्यांच्या छतातून ठिबकतं, म्हणून तीन महिने अबोला. खिडक्या उघड्या! त्यांना वाटलं, धमकी त्यांनाच! ते तडक गच्चीवर गेले आणि आमच्याच पाण्याचा कॉक बंद करून आले.

इकडे ह्यांच्या अंगाला साबण! आत बोंबाबोंब चाललेली, मला ऐकू येईल तर शपथ! शेवटी हे टॉवेल गुंडाळून, डोळे मिटून, चाचपडत थेट कॅमेऱ्यासमोर! तेवढ्यात दारावर धडाधड थापा. ह्यांनी तशाच अवतारात दार उघडलं, तर हेडमास्तर!

"पाणी कुणाचं तोडता?"

मी हेडफोन उतरवत ओरडले, "तुमचं नाही हो सर, शेजाऱ्याचं!"

"मग मी कोण आहे?"

या गडबडीत हेडफोनची वायर निसटली आणि पोरांचं खिदळणं घरभर घुमलं. हेडमास्तर गर्रकन लॅपटॉपकडे वळले.

"कोण दात काढतंय? ए मधल्या, नीट बस! काय केलंय तुम्ही?"

"डोंगर घेतलाय, सर."

"विचारून घेतला होता?"

"नाही, सर."

"मग परत करा! आत्ताच्या आत्ता!"

"हो, सर!" तिघंही एका सुरात.

पाऊण तास मी घसा फोडला, तेव्हा एक दगड हलला नव्हता. हेडमास्तरांनी अख्खा डोंगर मिळवला! आणि निकाल काय? 'तह उत्तम. मात्र तो परीक्षार्थीने केलेला नाही. नापास.' माझं घर, माझी खुर्ची, माझा डोंगर, आणि नापासही मीच! आहे की नाही अन्याय?

महिनाभरानं फेरपरीक्षा आहे. बाथरूमची फरशी उखडून गळती काढून दिली, तेव्हा कुठे हेडमास्तर शिकवायला राजी झाले. काल मला दोन मिनिटं उशीर झाला, तर त्यांनी मला, विमा कंपनीतल्या वरिष्ठ अधिकाऱ्याला, दाराबाहेर उभं केलं! भर जिन्यात!

आणि मी राहिले हो उभी. हाताची घडी घालून.