घरात माणसं किती?

बायको आठवडाभर भावाकडे निघाली होती, म्हणून हेडक्लार्कसाहेबांनी लेकीला होकार दिला. (नकार द्यायची सवय त्यांना नोकरीतही लागली नव्हती.)

लेकीच्या कॉलेजचा संघ एका जागतिक स्पर्धेच्या अंतिम फेरीत पोचला होता. विषय होता, एकट्या पडलेल्या वृद्धांची काळजी. त्यासाठी एकवीस देशांतली मुलं एका आलिशान हॉटेलात जमली होती. तिथे एकाही म्हाताऱ्याला बोलावण्याची बुद्धी कुणाला झाली नव्हती, ते सोडा. लेकीच्या संघाने एक डबी बनवली होती. ती आवाज ऐकून घरातली माणसं मोजायची आणि आवाज थांबले की शेजाऱ्यांना कळवायची. हेडक्लार्कसाहेबांनी आठवडाभर एकटं राहायचं आणि शनिवारी परीक्षकांनी थेट बघायचं, असं ठरलं. आकडा चुकला की संघ बाद.

पहिल्याच दुपारी डबीवर आकडा उमटला. दोन.

साहेबांनी पलंगाखाली पाहिलं, कपाट उघडलं. कोणी नाही. ते दमून गप्प बसले, तसा आकडा एक झाला. चहा करायला उठले, पुन्हा दोन. तिसऱ्या दिवशी त्यांनी स्वयंपाकघराला बाहेरून कडी घातली आणि बिस्किटांवर दिवस काढला. आकडा दोनच. भर दुपारी, सगळे दिवे लावून, ते भिंतीला पाठ टेकवून बसू लागले. घरात कोणीतरी होतं, आणि त्याचा श्वासही ऐकू येत नव्हता.

शुक्रवारी लेकीचा फोन आला.

"बाबा, रेकॉर्डिंगमध्ये आई आहे."

"ती मामाकडे आहे. आत्ताच बोललो तिच्याशी."

"मग हे ऐका."

फोनमधून चढा, बारीक आवाज आला : "अहो, गॅस बंद केलात का? ओला टॉवेल पुन्हा पलंगावर?" त्यामागून खालच्या पट्टीत : "उचलतो."

साहेबांनी ते पुन्हा लावायला सांगितलं. दोन्ही आवाज त्यांचेच होते. चौतीस वर्षांत ऐकलेलं सगळं त्यांचं तोंड आपसूक बोलत होतं, आणि कानांना त्याचा पत्ताही नव्हता.

"उद्या दहा मिनिटं तोंड मिटून बसा. बस्स, एवढंच करा माझ्यासाठी," लेक म्हणाली.

शनिवारी फोनच्या पडद्यावर पाच परीक्षक आणि त्यांच्या शेजारी लेक दिसत होती. साहेब तोंडावर हात ठेवून बसले. आकडा एक. आठ मिनिटं झाली, नऊ झाली. लेकीच्या चेहऱ्यावर रंग परतू लागला.

"अहो, पाठ ताठ करा, लोक बघतायत," खोलीत कुणीतरी म्हणालं.

"केली," साहेब म्हणाले.

संघ बाद झाला. लेक दोन दिवस बोलली नाही. तिसऱ्या दिवशी तिने डबीचा आठवड्याचा अहवाल तेवढा पाठवला. साहेबांनी चष्मा लावून वाचला :

'मुख्य रहिवासी : महिला, प्रकृती ठणठणीत. सोबत एक पुरुष आढळतो. त्याचा आवाज थांबल्यास शेजाऱ्यांना कळवण्याची आवश्यकता नाही.'