जावकमधली कॅसेट

"संपर्क तुटला की संस्था मोडते; मग ती भारत सरकार असो की आढाव कुटुंब!" दिल्लीतल्या लक्ष्मीबाई नगरच्या सरकारी क्वार्टरमध्ये श्यामकांत आढावांनी अशी घोषणा केली आणि टेपरेकॉर्डरचं बटण दाबलं. वायर प्लगला लावलेली नव्हती. ती हेमलताबाईंनी लावली.

ऐंशीच्या दशकातली गोष्ट. आढावांचा अविनाश झांबियात मिशनरी होता. पत्रांना महिने लागत, म्हणून मिशनचं कुणी जाणारं-येणारं असलं की त्याच्याबरोबर कॅसेटी जात-येत. पोरगा मिशनरी व्हायचं म्हणाला, तेव्हा मंत्रालयातल्या या सेक्शन ऑफिसरने "त्यात पेन्शन नाही" एवढाच शेरा मारला होता. विमानतळावर तर ते त्याच्याकडे न बघता त्याच्या ट्रंकेचं कुलूप तपासत राहिले. पण तो गेला आणि बसस्टॉपवरच्या अनोळखी सरदारजींनाही "हमारा लड़का अफ्रीका में है, मिशन में" असं सांगितल्याशिवाय आढावांना बस मिळेनाशी झाली. त्यांना वाटणारा अभिमान सगळ्या दिल्लीला ठाऊक होता. फक्त अविनाशला नव्हता.

त्यांनी घसा साफ केला. "विषय : कौटुंबिक परिस्थितीबाबत. संदर्भ : तुझी मागील कॅसेट. उपरोक्त विषयास अनुसरून कळविण्यात येते की, तुझ्या आईचा गुडघा पूर्ववत दुखत आहे..."

"अहो, जेवतोस का विचारा त्याला!"

"ते परिशिष्टात येईल."

परिशिष्ट संपलं. कॅसेट 'जावक' ट्रेमध्ये गेली. घरात शिसमाच्या टेबलावर दोन ट्रे होते, डावीकडे आवक, उजवीकडे जावक. आवकमध्ये अविनाशने पाठवलेली कॅसेट होती. त्यात त्याचं तिथल्या भाषेतलं प्रवचन होतं, आणि रविवारी चर्चमधल्या मराठी मंडळींना घरी बोलावून ते ऐकवण्याचा बेत होता. कॅसेटींवर चिठ्ठ्या नव्हत्या. "ट्रे असताना चिठ्ठी कशाला? कागदाची नासाडी!" हा आढावांचा सिद्धांत.

रविवारच्या पाहुण्यांसाठी हेमलताबाईंनी शनिवारी सकाळीच टेबलक्लॉथ बदलला. ट्रे उचलले, झटकले, परत ठेवले. कुठला कुठे, हे फक्त देवबापाला माहीत. दुपारी झांबियाला परत निघालेल्या सिस्टर प्रमोदिनी आल्या. आढावांनी उजव्या ट्रेमधली कॅसेट पाकिटात घातली, लाख लावून सील केली आणि सुपूर्द केली.

रविवारी चर्चमधली उपासना आटोपून मंडळी घरी जमली. पाळकसाहेब आले, कुमुदताई आल्या, फरीदाबादहून दीनानाथ रणपिसे आले.

"काय आढाव, परदेशी भाषेतलं आम्हाला कळायचं कसं?" रणपिसेंनी करंजी उचलत विचारलं.

"कळायला कशाला पाहिजे? आवाजातला अधिकार बघा फक्त!" म्हणत आढावांनी बटण दाबलं.

"विषय : कौटुंबिक परिस्थितीबाबत," टेपरेकॉर्डर अधिकाराने म्हणाला.

"अरे यार, ही भाषा तर बिल्कुल आपल्यासारखीच आहे!" रणपिसे म्हणाले.

आढाव बटणाकडे झेपावले. हेमलताबाईंनी त्यांचा हात धरला. "थांबा. मला परिशिष्ट ऐकायचंय."

परिशिष्ट झालं. 'कळावे' झालं. टेप मात्र फिरतच राहिली, कारण त्या दिवशी बंद करायचं बटण नीट दाबलंच गेलं नव्हतं.

"झालं? पोराला मायेचा एक शब्दही नाही?" टेपमधून हेमलताबाई विचारत होत्या.

"खरं सांगू, हेमा?" टेपमधल्या आढावांचा आवाज एकदम खाली आला होता. "मला प्रमोशन मिळालं ना, तेव्हासुद्धा छाती एवढी फुगली नव्हती. माझ्या हातून जन्मभर नुसत्या फायली पुढे सरकल्या. तो माणसं उभी करतोय. पण हे त्याला सांगायचं नाही हं. पोरं शेफारतात."

रणपिसेंनी हातातली करंजी परत ताटलीत ठेवली. कुमुदताईंनी पदर डोळ्यांना लावला. पाळकसाहेब म्हणाले, "आढाव, आजचं प्रवचन झालं."

"शेवटचा मजकूर वगळून पुन्हा भरतो," आढाव पुटपुटले.

"हात तर लावून बघा!" हेमलताबाईंनी कॅसेट काढून पर्समध्ये टाकली आणि सोमवारी स्वतः पोस्टात जाऊन रवाना केली.

तेव्हापासून आढाव परीक्षेच्या निकालाची वाट बघावी तसे दिवस काढू लागले. अखेर एका संध्याकाळी वरच्या मजल्यावरून चोप्रांनी हाक मारली, "आढाव साब! अफ्रीका से फ़ोन!" आढावांनी कोट चढवला, बटणं लावली आणि मगच जिना चढले. मागोमाग गुडघा धरून हेमलताबाई.

"पप्पा, आधी माझंच प्रवचन मला परत आलं! तुमचा आवाज ऐकवायला अख्खं गाव जमवलं होतं. बिचाऱ्यांनी तेच प्रवचन पुन्हा निमूट ऐकलं. मला वाटलं, तुम्ही दुरुस्तीसाठी परत पाठवलंत."

"मग?"

"केलं दुरुस्त. लांबलंच होतं जरा."

"ठीक. आणि... दुसरी कॅसेट?"

"मिळाली."

"पूर्ण ऐकलीस?"

"शेवटपर्यंत."

तारेत खरखर झाली. आढावांनी रिसीव्हर दोन्ही हातांनी धरला. हेमलताबाईंनी त्याला बाहेरून कान लावला. चोप्रांनी तर पंखासुद्धा बंद केला.

"पप्पा..." अविनाशचा आवाजही एकदम खाली आला.

"बोल, बाळ."

"पुढच्या माणसाबरोबर थोडा हिंग पाठवाल का? आणि डबीचं झाकण घट्ट लावा. मागच्या खेपेला सगळ्या बायबलांना वास लागला होता."