तेल टाकलं का?

टू-स्ट्रोक गाडीबद्दल मला विचारा! फोर-स्ट्रोकमध्ये तेल वेगळं असतं, खालच्या खाली फिरतं. टू-स्ट्रोकला ते पेट्रोलमध्येच मिसळायचं. जाता जाता ते पिस्टनला चोपडतं आणि पेट्रोलसोबत जळून धूर होऊन बाहेर पडतं. तेल विसरलात की पिस्टन जाम!

बाबा आईला पाहायला निघाले तेव्हा हेच झालं. सासरच्या दारात ते गाडी ढकलत पोचले. आता त्याच गाडीवर मी दारव्ह्याला समीक्षाला पाहायला निघालो होतो. फोटो पाहूनच मी पुरता गारद झालेलो! म्हणून सकाळीच टाकीत मापानं तेल ओतलं. आई-बाबा जीपने पुढे गेले.

दारव्हा आलं आणि गाडी खोकायला लागली. मागे धूर असा, की रस्ताच दिसेना! समीक्षाच्या गल्लीत वळलो तर एक बाई ओरडली, "मच्छरवाले आले वो! हंडे झाका!"

दारं धडाधड बंद! एक मावशी मात्र आडवी आली. "मागच्या बारीले आमची गल्ली काहून सोडली?"

"मावशी, मी पोरगी पाहाले आलो!"

"पाहा ना मंग! पण आधी नालीवर मारा!"

तेवढ्यात समीक्षाचे वडील, पुंडलिकराव, नाकाला रुमाल लावून दारात आले. "घरात नका मारू बाप्पा, पाव्हणे येऊन राह्यले!"

"मीच पाव्हणा आहो!" म्हणेपर्यंत दार बंद! गाडीनेही आचका देऊन मान टाकली.

आतून आई-बाबा खोकत बाहेर आले. बाबांनी टाकीत वाकून वास घेतला.

"तेल किती टाकलं बे?"

"मापानं! बरोब्बर!"

बाबांचा चेहरा पडला. "मीबी टाकलं. म्हटलं, तू इसरशीन."

आई पदराआडून म्हणाली, "अन् म्या अर्धी बाटली ओतली. तुमा दोघायचा काय भरोसा!"

मग पोहे आले. समीक्षाच्या डोळ्यांना धारा लागल्या होत्या. तिनं मला पाहिलं तरी का, देव जाणे! जीव नुसता टांगणीला लागला. परत निघताना गाडी सुरू होईना, ती ढकलत नेली. घराण्याची रीतच ती!

दोन दिवसांनी पुंडलिकरावांचा फोन आला. मी बाबांच्या कानाला कान लावून उभा!

"गल्लीत एक मच्छर नाही राह्यला, पाव्हणे! सारे खूश हायेत. गाडी पसंत हाये. पोराचं मागून कळवतो."